अडतिसावा सेकंद

दार उघडतं. धुकं बाजूला सरतं. लांबून एक तुतारी वाजते. मग नगारा, एकदा, दोनदा, तीनदा, आणि चौथ्यांदा अगदी किंचित उशिरा. त्या उशिराच्या ठोक्यापाठोपाठ व्हायोलिनांचा अख्खा कळप अंगावर धावून येतो. बाविसाव्या सेकंदाला पितळी वाद्यं चढायला लागतात. तिसाव्याला सगळं थांबतं, नुसता एक चेलो उरतो, आणि आता काहीतरी भव्य घडणार, बहुतेक पन्नास माणसांचा गायकवृंद उभा राहणार, असं वाटत असतानाच अडतिसाव्या सेकंदाला मी मरतो.

स्क्रीन काळी होते. जिने, पूल, परत जिने. दार उघडतं. तुतारी.

हे मी तीन आठवडे केलं. रोज रात्री दहानंतर तीन-चार खेपा, शनिवारी जरा जास्त. गेमचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं की 'तो होय? तो तर मी पहिल्या दमात मारला' म्हणणारा माणूस कुठूनतरी उगवतोच. बॉसचं, म्हणजे टप्प्याच्या शेवटी वाट अडवून उभ्या असलेल्या बड्या शत्रूचंही, नाव सांगत नाही. इतकंच सांगतो की तो माझ्या तिप्पट उंच आहे, त्याच्या हातात ओंडक्याएवढी तलवार आहे आणि त्याचं माझ्याशी काडीचंही वैर नाही. दारात बोट सापडतं तेव्हा दाराच्या मनात जेवढा राग असतो, तेवढाच त्याच्या मनात असतो.

मरण्याचं मला काही वाटत नाही. गेम खेळणाऱ्याने मरणाला भ्यायचं म्हणजे पोहणाऱ्याने ओलं व्हायला भ्यायचं. माझं दुखणं संगीताचं आहे. कुणा संगीतकाराने महिनोन्महिने खपून ही चीज बांधली असेल, वादकांनी जीव ओतून वाजवली असेल, आणि मला तिचे फक्त पहिले अडतीस सेकंद पाठ. पुढे काय आहे, देव जाणे. कादंबरी रोज उघडावी आणि रोज पहिल्या पानाच्या तळाशी कुणीतरी थोबाडीत देऊन ती मिटावी, तसं. फोनवर शोधली असती तर दोन मिनिटांत सगळी ऐकायला मिळाली असती. पण मी शपथ घेतली होती. पुढचा भाग ऐकीन तो कमावून.

बरं, पाठ मला एकट्यालाच झाली असती तर गोष्ट वेगळी. शनिवारी मुलगी जागी असते. वय वर्षं नऊ. तिने व्हायोलिनांच्या चालीवर शब्द बसवले आहेत: 'बाबा आला, बाबा आला, बाबा पडला, बाबा गेला.' मात्रा चोख बसतात. बायको आतल्या खोलीत वाचत पडलेली असते. तिला स्क्रीन बघावी लागत नाही. तुतारी पुन्हा वाजली म्हणजे मी पुन्हा मेलो, हे तिने पहिल्याच रात्री ताडलं. मग आतून एवढंच येतं, "मेलास?" मी म्हणतो, "हं." पहिल्या आठवड्यात त्या प्रश्नात काळजी होती, दुसऱ्यात चौकशी. तिसऱ्यात ती नुसती हजेरी घ्यायला लागली.

हेडफोन लावून पाहिले. तुतारी तिला ऐकू येईनाशी झाली, पण मेल्यावर मी जे बोलतो ते ऐकू यायला लागलं. त्यापेक्षा तुतारी बरी, असा निकाल तिनेच दिला.

या जातीच्या गेममध्ये मेल्यावर स्क्रीनवर तसं लेखीही कळवतात. २०११ च्या 'डार्क सोल्स'ने 'यू डाइड' हे दोन शब्द इतके गाजवले की कधी गेम न खेळलेल्यांनाही ते माहीत असतात. इंग्रजीचं बरं आहे, 'यू' म्हटलं की लहानथोर सगळे एका पंगतीत. मराठीत असा गेम कुणी आणायचं ठरवलं तर पहिली बैठक इथेच अडेल. 'मेलास' म्हणावं तर फार सलगी. 'आपण मेलात' म्हटलं की वाटतं, कुणीतरी बसायला खुर्ची पुढे केली. 'आपले दुःखद निधन झाले आहे' हे रागाच्या भरात वाचायला फार लांब, आणि त्याखाली 'पुन्हा प्रयत्न करा' बरं दिसत नाही. मला विचाराल तर 'मेलास?' हेच योग्य, प्रश्नचिन्हासकट, आणि आतल्या खोलीतून.

असो. या तपश्चर्येतून मला एक ज्ञान झालं आहे. गेममधलं संगीत आपल्या बाजूचं नसतं. ते शत्रूच्या पगारावर असतं.

पुरावा जुनाच आहे. १९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांचा 'स्पेस इन्व्हेडर्स' आला. वर परग्रहवासी, ११-११ च्या पाच रांगा, एकूण ५५. खाली आपण एकटे. संगीत म्हणाल तर चार स्वर, एकेक पायरी खाली उतरणारे, ढुम, ढुम, ढुम, ढुम, की परत वरून सुरू. शत्रू मरत गेले की उरलेले भराभर सरकू लागतात. यामागचं कारण मोठं गमतीचं आहे. इतकी चित्रं एकदम हलवणं त्या यंत्राला झेपत नव्हतं, म्हणून गर्दी असताना सगळे रखडत चालायचे आणि गर्दी ओसरली की आपोआप धावायचे. निशिकादोंना हे लक्षात आलं, आणि दुरुस्त करायच्या ऐवजी त्यांनी ते तसंच ठेवलं. शत्रूंबरोबर ते चार स्वरही धावू लागतात. म्हणजे बघा, ५४ मारले, एकच उरला, आता खरं तर माझा सत्कार व्हायचा. आणि नेमकं तेव्हाच संगीत छातीवर बसून विचारतं, आता? आता? आता? हरणाऱ्याला घाबरवणं सोपं असतं. इथे जिंकणाऱ्याला घाबरवतात.

१९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये कोजी कोंडो यांनी हीच विद्या हसतमुखाने वापरली. घड्याळात १०० उरले की एक छोटी धोक्याची लकेर वाजते आणि ती गोड, बागडणारी धून एकदम घाईला येते. (मारिओचा सेकंद आपल्या सेकंदाच्या निम्म्याहूनही लहान असतो, हे वर आणखी.) वेळ थोडा उरला असता शहाण्या माणसाने काय करावं? श्वास घ्यावा, नीट बघून पाऊल टाकावं. धून म्हणते, पळ. आणि माणूस पळतो, आणि खड्ड्यात जातो. खड्डा तिथे मघापासून होता. घाई नव्हती.

तरी कोंडोंच्या कसबाला तोड नाही. त्या यंत्रातून एका वेळी जेमतेम पाच आवाज निघायचे: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक नुसती खरखर आणि एक ध्वनिमुद्रित तुकडे वाजवणारा. उडीचा आवाजही यांच्यातूनच काढायचा. त्यामुळे मारिओ उडाला की एक वादक धून सोडून उडीचा आवाज करायला जातो आणि परत येऊन जागेवर बसतो. मैफल चालू असताना दारावरची बेल वाजली की घरच्याच कुणालातरी उठावं लागतं, तसं. इतकी वर्षं ही धून ऐकतोय, पण उठून गेलेला माणूस मला कळलं तेव्हाच पहिल्यांदा ऐकू आला. आता दुसरं काही ऐकूच येत नाही.

सगळ्यात निर्दय मात्र १९९१ चा 'सॉनिक'. तो निळा साळू, म्हणजे खरं तर हेजहॉग, पाण्यात फार वेळ राहिला की डोक्यावर आकडे येतात, ५, ४, ३, २, १, ०, आणि सोबत एक धून, जी दर आकड्याला आणखी आवळत जाते. पाण्यात पात्राचे पाय जड झालेले, हवेचा बुडबुडा येतो येतो म्हणून येत नाही, आणि संगीत गळा धरतंय. मी अनेक मोठ्या माणसांना, चांगल्या हुद्द्यावरच्या, ही धून नुसती ऐकवली तरी आपोआप श्वास रोखताना पाहिलं आहे.

आणि 'झेल्डा'मधली ती टीं टीं टीं! जीव कमी उरला की सुरू होते आणि उरलेला जीवही नकोसा करते. अरे, मला दिसतंय ना वर कोपऱ्यात. बुडणाऱ्याला कुणी कानाशी येऊन 'तू बुडतोयस हं' असं दर सेकंदाला सांगतं का? 'पोकेमॉन'मध्येही हीच टीं टीं होती. २०१० च्या 'ब्लॅक' आणि 'व्हाइट'मध्ये त्यांनी तिच्यावर अख्खी धूनच बांधली. लोक घंटेला वैतागले तर घंटेला वाद्यवृंद जोडून द्यायचा, ही युक्ती मला फार आवडली.

आपल्या बाजूचं संगीत शोधायला मला बराच वेळ लागला. १९९६ च्या 'रेसिडेंट इव्हिल'मध्ये एक खोली असते, तिथे टाइपरायटर असतो, प्रेतं आत येत नाहीत, आणि एक हळुवार धून वाजत असते. तिथे गेम सेव्ह करायचा. बाहेर कितीही काही चालू असो, ती धून कानावर पडली की खांदे खाली येतात. तिथेही सेव्ह करायला टाइपरायटरच्या शाईच्या फिती मोजूनच मिळतात, म्हणजे निवांतपणाही रेशनवर. पण धून तरी मोफत.

एकदा बायको म्हणाली, "हे काय संगीत आहे का? नुसता दणदणाट." मी गेमसंगीताची बाजू घेऊन उभा राहिलो. सांगितलं की 'सिव्हिलायझेशन फोर' या गेमच्या शीर्षकगीताला, क्रिस्टोफर टिन यांच्या, २०११ मध्ये ग्रॅमी मिळालं. सांगितलं की टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनाला, २०२१ मध्ये, सगळ्या देशांची पथकं मैदानात आली ती गेममधल्या धुनांवर. सांगितलं की अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत २०२३ मध्ये मारिओची धून घेतली, आणि त्या यादीत गेलेलं ते पहिलं गेमसंगीत. तिने पुस्तकातून मान वर न करता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यांनी पूर्ण ऐकलं असेल."

यावर मी काही बोललो नाही. जिन्यांकडे गेलो.

त्या जिन्यांबद्दल मला वेगळं बोलायचं आहे. शेवटचा चेकपॉइंट, म्हणजे मेल्यावर जिथून परत उभं करतात ती जागा, ते बॉसचं दार यांच्यात सव्वा मिनिटाची धाव होती. वाटेत दोन भालेकरी, एक कुत्रा, आणि एक पूल ज्यावरून मी घाईत चारदा खाली पडलो. ती मरणं हिशेबात धरलेली नाहीत, ती खासगी. बायकोच्या मोजणीने बॉसपाशी मी ८७ वेळा मेलो. म्हणजे पावणेदोन तासांच्या वर मी नुसता जिने चढलो. संगीत ऐकलं फार तर पंचावन्न मिनिटं. त्यात वेगवेगळे सेकंद अडतीस.

कठीणपणाला माझा विरोध नाही. जुने गेम कठीण होते त्याला कारण तरी होतं: यंत्रात नाणं टाकून खेळायचे, खेळाडू जितका लवकर मरेल तितकं पुढचं नाणं लवकर. धंदाच तो. १९८५ च्या 'घोस्ट्स अँड गॉब्लिन्स'मध्ये एक फटका बसला की आपल्या सरदाराचं चिलखत गळून पडतं आणि तो चड्डीवर उरतो, दुसऱ्याला नुसती हाडं. इतकं सोसून शेवटच्या राक्षसाला मारलं की गेम सांगतो, हा सगळा भास होता, परत पहिल्यापासून या. आणि खरोखर पहिल्यापासून यावं लागतं. हे वाचून मला माझे जिने जरा बुटके वाटायला लागले.

कठीणपणाच्या इतिहासात माझा आवडता माणूस मात्र काझुहिसा हाशिमोतो. १९८६ मध्ये हे गृहस्थ 'ग्रेडियस' हा गेम घरगुती यंत्रासाठी बसवत होते. बसवताना तपासायचा तर खेळावा लागतो, आणि तो इतका अवघड की त्यांना स्वतःलाच खेळता येईना. मग त्यांनी एक चोरवाट ठेवली: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. एवढं दाबलं की सगळी शस्त्रं हातात. ती काढायची राहिली, तशीच बाजारात गेली, आणि पुढे 'काँट्रा'मध्ये त्याच मंत्राने ३० जीव मिळू लागले. ज्याने बनवला त्यालाही जमत नाही, याहून मोठा दिलासा कुठल्या संतवाणीतही नसेल. मी माझ्या बॉससमोर उभं राहून तो मंत्र म्हणून पाहिला. वर वर करताना मेलो.

मग प्रश्न उरतो तो सुरुवातीपासून सुरू होणाऱ्या तुतारीचा. माझं म्हणणं असं की गेम किती दुष्ट आहे हे बॉसच्या तलवारीवरून ठरवू नये, आपण मेल्यावर संगीताचं काय होतं त्यावरून ठरवावं. २०१० चा 'सुपर मीट बॉय' घ्या. मांसाचा एक चौकोनी गोळा करवतींच्या जंगलातून उड्या मारत जातो आणि मिनिटाला दहा वेळा चिरला जातो. पण चिरला गेल्यावर क्षणात परत उभा, आणि गाणं चालूच. त्याच्या मरण्याची गाण्याला खबरही नसते. 'हॉटलाइन मायामी'मध्ये तसंच, 'सेलेस्ट'मध्येही तसंच. मरणावर मरणं पडताहेत आणि लय अखंड. त्यामुळे आपण हरतोय असं वाटतच नाही, कुठलासा ताल पकडायचा राहून जातोय इतकंच वाटतं. उलट जिथे धून पहिल्यापासून सुरू होते, तिथे ती दर वेळी नव्याने आठवण करून देते: साहेब, आपण शून्यावर आहात.

('फ्लॅपी बर्ड'मध्ये संगीतच नव्हतं आणि तरी लोकांनी फोन आपटले. माझ्या सिद्धांताला हे जरा अडचणीचं आहे, म्हणून कंसात ठेवतो.)

साठाव्या मरणानंतर माझ्या गेमने एक चौकट दाखवली: 'अडचण पातळी कमी करायची आहे का?' खाली 'हो' आणि 'नाही'. मला आयुष्यात इतक्या सभ्य शब्दांत कुणी नालायक म्हटलेलं नाही. 'नाही'वर मी इतक्या जोरात दाबलं की कंट्रोलर कण्हला. एरवी सोप्या मोडबद्दल माझं काही म्हणणं नाही. 'सेलेस्ट'मध्ये मदतीची सोय आहे, वेग कमी करा, न मरण्याचं वरदान घ्या, कुणी तोंड वेंगाडत नाही. 'कपहेड'मध्ये सोपी वाट आहे पण तिने गेलं तर शेवटपर्यंत जाऊ देत नाहीत, पाहुण्याला ओसरीवरूनच निरोप दिल्यासारखं. सगळ्यात शहाणपणा २००५ च्या 'रेसिडेंट इव्हिल फोर'चा. आपण वारंवार मरायला लागलो की तो गुपचूप शत्रू सौम्य करतो आणि आपल्याला कळूही देत नाही. आपण समजतो, सुधारलो. मदत करायची तर अशी, या हाताची त्या हाताला कळता कामा नये. चौकट कसली दाखवता?

शेवटी भाचा आला. वय सतरा. तो सोफ्यावर आडवा पडून फोन बघत होता, मी मरत होतो. त्याने दोन-तीन मरणं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिली.

"मामा, तू ठेक्यावर लोळतोस."

"म्हणजे?"

"म्हणजे नगारा वाजला की फटका चुकवायला तू रोल मारतोस. तो नगाऱ्यावर मारत नाही ना. तो तलवार वर धरून थांबतो. तू आधीच लोळून मोकळा, मग तो निवांत मारतो."

मी म्हणालो, असं काही नाही. पुढच्या खेपेला स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. चेलो, चेलो, मग सदतिसाव्या सेकंदाला एक दणदणीत ठोका, आणि त्या ठोक्यावर माझा अंगठा इमानदार तबलजीसारखा समेवर पडला. मी लोळलो. उठलो. बॉस अजून तलवार वर धरून उभा होता, रांगेत माझा नंबर यायची वाट बघत असल्यासारखा. मग अडतिसावा.

आतून आवाज आला, "मेलास?"

"म्युझिक झिरो कर," भाचा म्हणाला. "इफेक्ट्स राहू दे. फक्त म्युझिक."

सेटिंगमध्ये तीन पट्ट्या होत्या: संगीत, आवाज, संवाद. संगीताची पट्टी मी डावीकडे ओढायला लागलो तेव्हा मला अपराधी वाटलं हे खरं. ज्याचा पुढचा भाग ऐकायला तीन आठवडे मरतोय, त्याचीच मुस्कटदाबी. पण पट्टी ओढली. शून्य.

दार उघडलं. धुकं सरलं. आणि काहीच नाही. एक रिकामा दगडी चौक, आणि पलीकडे लोखंडात कोंबलेला एक म्हातारा. संगीत नसलं की तो म्हातारा दिसतो, हे मला माहीत नव्हतं. चालताना त्याचा डावा पाय जरा घासटतो. वळताना तो धापा टाकतो. मी दोनदा मेलो, आणि आतून कुणी विचारलं नाही. फार एकटं वाटलं.

तिसऱ्यांदा मला ती ऐकू आली. त्याने तलवार वर नेली, धरून ठेवली, आणि फटका मारण्याआधी त्याच्या खांद्याच्या बिजागरीने एक छोटीशी कुरकुर केली. न तेलवलेल्या कपाटाचं दार करतं तशी. कुरकुर, मग फटका. पुन्हा कुरकुर, पुन्हा फटका. दर वेळी. ज्याने हा बॉस घडवला त्याने ती खूण माझ्यासाठी ठेवली होती, आणि ८७ वेळा ती व्हायोलिनांच्या कळपाखाली चेंगरून मेली होती. शत्रूच्या पगारावर म्हटलं ते काय उगाच?

कुरकुर, लोळ. कुरकुर, लोळ. अडतिसावा सेकंद कधी गेला कळलंही नाही, मोजायला काही नव्हतंच. अर्ध्यावर बॉसने तलवारीला आग लावली, बहुधा इथेच तो गायकवृंद उभा राहिला असावा, पन्नास माणसं तोंड उघडून, माझ्या घरात एकाचाही आवाज नाही. भाचा उठून बसला. मी लोळत राहिलो. मग बॉसने एक गुडघा टेकला, राख झाला, आणि चौकात नुसता वारा उरला. वारा इफेक्ट्समध्ये धरतात वाटतं.

"झालं की," भाचा म्हणाला, आणि परत आडवा झाला.

मला ओरडायचं होतं. पण सगळं घर इतकं शांत होतं की ओरडणं बरं दिसलं नसतं. आतल्या खोलीत पान उलटल्याचा आवाज आला.

भाचा झोपायला गेल्यावर मी दिवा मालवला आणि फोनवर ती चीज लावली. आता हक्क होता. लांबी चार मिनिटं बारा सेकंद. तुतारी. नगारे, चौथा उशिरा. व्हायोलिन, पितळ, चेलो. सदतिसाव्या सेकंदाला माझा अंगठा फोनच्या काचेवर आपोआप दाबला गेला आणि धून थांबली. परत सुरू केली. अडतिसावा सेकंद आला आणि गेला, मी जिवंत. आणि मग ते आलेच, पन्नास असतील किंवा पाच, पण आले, आधी बायका, मग खर्जातले पुरुष, कुठल्या भाषेत कोण जाणे, आणि चेलो त्यांच्या मधून नदीसारखा. मी डोळे मिटले. खरंच फार सुंदर होतं. मिनिटभर होतं, सव्वा मिनिट होतं, मग स्वर वर चढले, टोकाला गेले आणि थांबले.

गेमची धून मुळात गोल फिरायलाच बांधलेली असते, त्यामुळे स्वतंत्र ऐकायला देताना ती सहसा दोन फेऱ्या वाजवतात. हे मला माहीत होतं. त्या क्षणी आठवलं नाही, इतकंच.

दोन मिनिटं सहा सेकंद. अंधारात, लांबून, एक तुतारी.

आतून आवाज आला, "मेलास?"

मी म्हणालो, "हं."